मालनआजीची दोन बोटं

आमच्या घराण्यात पराक्रम करणारं माणूस एकच झालं, आणि ते बाईमाणूस होतं. बापे बिचारे पिढ्यान् पिढ्या कल्याणकरांच्या दाढ्या करत राहिले. दाढ्या चांगल्या करत, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण कल्याणात आमचं नाव राहिलं ते माझ्या आजीमुळे, मालनमुळे. हे मी सगळ्यांना सांगत आलेय आणि डोळे मिटेपर्यंत सांगणार. कुणाला फुशारकी वाटली तर वाटो.

पारनाक्यामागे आमचं घर होतं. आजोबा लवकर गेले, माझे वडील गुणाजी तेव्हा रांगत होते. आजीच्या सासूने तिला हाताशी धरून सुईणपण शिकवलं. त्या काळी न्हाव्याघरच्या बाईला ते वाडवडिलांकडून चालत आलेलंच असे. रोज सकाळी चूल पेटवायच्या आधी आजी आजोबांच्या हत्यारांच्या धोपटीतली नखं काढायची नराणी घ्यायची आणि उजव्या हाताची नखं मुळापासून उतरवायची. पहिलं बोट आणि मधलं बोट तर इतकं गुळगुळीत ठेवायची, की रेशमावरून फिरवलं तरी धागा निघू नये. त्या दोन बोटांनी ती मसाल्याची भांडीसुद्धा घासत नसे. भांडी घासायला माझी आई होती, असं माझी आई म्हणायची.

माणसाच्या देहाबद्दल आजीचा एक सिद्धान्त होता. ती म्हणायची, "देवाने माणूस शिवलाय. पिशवीत पिशवी, पिशवीत पिशवी. मेंदूला पिशवी, काळजाला पिशवी, आतड्यांना पिशवी, पोटातल्या पोराला पाण्याची पिशवी. आणि मधेमधे गाठी ठेवल्यात. काही गाठी पाझरायच्या, काही राखणीच्या. डोळ्यातलं पाणी, तोंडातली लाळ, आईचं दूध, हे सगळं पाझरणाऱ्या गाठींचं काम. मानेत, काखेत, जांघेत बसल्यात त्या राखणीच्या. चोर शिरला की त्या फुगतात." शिरा आणि हाडं तिच्या हिशेबात फारशी नव्हती. हाडं म्हणजे नुसता मांडव, असं ती म्हणे.

माझा जन्मही तिच्याच हातचा. मी बाहेर आले ती पाणमोटीसकट, म्हणजे पाण्याची पिशवी न फुटता, तिच्यात गुंडाळलेलीच. वर रक्ताचा थर होता, आत काही हलत नव्हतं. दिवस पुरे भरले नव्हते, त्यामुळे मी होते वीतभर. शेजारणी म्हणाल्या, पोर नाही, नुसता गोळा आहे. सूप पुढे करून पुरायला न्यायची तयारीसुद्धा झाली. आजीने वरून दोन बोटं फिरवली. मग एका जागी पडदा चिमटीत धरला, कांद्याची पात फाडावी तसा टरकन फाडला, आणि पाण्याबरोबर मी बाहेर पडून जी रडले ती अजून गप्प झालेले नाही. माझं नाव भागीरथी ठेवलं. घरात भागू.

त्यानंतरच्याच हिवाळ्यात मुंबईत गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, आला. लोक मुंबई सोडून निघाले आणि सरकार सगळ्या आगगाड्या कल्याणला थांबवून उतारू तपासायला लागलं. ताप आहे का पाहायचं, मान, काख, जांघ चाचपायची. गाठ लागली की माणूस शेडमध्ये. स्टेशनापलीकडे झापांची ती शेड उभी केली होती आणि तिच्यात गेलेली माणसं चालत परत आलेली फारशी कुणी पाहिली नव्हती. त्यात आवई उठली की बायकांना पुरुष तपासणार. बायका गाडीतून उतरेनात, नवरे हातघाईवर यायला लागले. तेव्हा तपासणीवर नेमलेली डॉक्टरीणबाई सुइणीच्या शोधात आमच्या दारी आली. पुण्याकडची ख्रिस्ती बाई होती, नेसायची नऊवारीच, फक्त पायांत बूट.

माझे वडील नको म्हणाले. "आये, गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाय. कोण माझ्याकडून दाढी करून घेईल?"

"वाढव तूच दाढी," आजी म्हणाली. "बायांना बाईचा हात हवाय. मी जाते."

आणि गेली. फलाटाच्या टोकाला किंतानाचा पडदा लावला होता, त्याच्याआड डॉक्टरीणबाई खुर्चीवर आणि आजी उभी. एकेक बाई आत यायची. आजी तिच्या पदराखालून हात सारायची. पोलक्याचं बटण नाही की चोळीची गाठ नाही, काही सोडायला लावायची नाही. बाई लाजून लाल व्हायच्या आत आजीचं काम झालेलं असायचं. मग ती पडद्याबाहेरच्या हवालदाराला ऐकू जाईल असं ओरडायची, "गाठ नाय! जाऊ द्या!"

हे तिचं ओरडणं सगळ्या स्टेशनाला पाठ झालं. हमाल आपसांत नक्कल करायचे. पण गाठ लागली तर ती ओरडत नसे. डॉक्टरीणबाईकडे बघायची आणि त्या बाईचा हात हातात धरून ठेवायची. शेडच्या दारापर्यंत तिच्याबरोबर जायची. गावातले लोक तिला म्हणत, गोऱ्यांची चाकरीण झाली. म्हणेनात का. ज्यांनी म्हटलं त्यांच्याही सुना त्याच पडद्याआड गेल्या आणि आजीचा हात लागल्यावर सुटकेचा श्वास टाकून बाहेर आल्या.

फाल्गुन सरता सरता एका दुपारी मुंबईकडून गाडी आली. बायकांच्या रांगेत एक ब्राह्मणाची मुलगी होती. कमळाबाई तिचं नाव. बरोबर नवरा, श्रीपादराव, मुंबईत कुठल्याशा कचेरीत कारकून. टिटवाळ्याला तिचं माहेर, तिथे निघाली होती. पडद्याआड आल्यावर आजीने कपाळाला हात लावला, कपाळ तापलेलं. पदराखालून काखेत बोटं सारली, आणि ती मुलगी किंचाळली.

गाठ होती. लिंबाएवढी, टणक, डाव्या काखेत.

किंचाळताना तिने हात झटकला आणि चोळीतून मोगऱ्याच्या कळ्या भुईवर सांडल्या. चेंगरलेल्या, पिवळ्या पडलेल्या, पण वास घमघमीत. पडद्याच्या फटीतून ते मागच्या बायकांनी पाहिलं आणि त्या रांग मोडून मागे पळाल्या. कारण त्या दिवसांत लोक चोळीत, कमरेला, कापराच्या पुरचुंड्या बांधत. कापराने ताप लपतो, गाठ विरते, अशी समजूत होती, आणि ज्याच्या अंगाला असा कुठलाही उग्र वास, त्याच्या अंगात रोग, असं सगळे धरून चालत. हवालदार बाहेरून म्हणाला, "फुलं बांधून आली होय फसवायला! शेडवाल्यांना बोलवा."

आजीने खाली वाकून एक कळी उचलली. हुंगली. मग त्या मुलीच्या तोंडाकडे नीट पाहिलं.

"बाय माझे," ती हळू म्हणाली, "पोर कधी गेलं?"

कमळाबाईने ओठ दाताखाली धरले. "परवा. मेलेलंच आलं. मुलगा होता." मग म्हणाली, "चाळीतल्या काकूंनी बांधली फुलं. दूध आटतं म्हणाल्या."

हे आमच्याकडे कुठल्याही सुइणीला ठाऊक असतं. मूल गेलेल्या आईच्या छातीला मोगरा बांधतात, म्हणजे दूध हळूहळू आटतं. डॉक्टरीणबाईलाही ते ठाऊक होतं, ती काही आभाळातून पडली नव्हती. ती उठून जवळ आली, तिनेही गाठ चाचपली, आणि म्हणाली, "मालनबाई, दुधाची असू शकेल. पण तापही आहे, गाठही आहे, आणि मुंबईहून आलीय. नुसत्या अंदाजावर मी हिला सोडली आणि ती गाठीचीच निघाली, तर टिटवाळ्यात घराघरांत चिता पेटतील. मला खात्री पाहिजे."

ती बोलली ते खरंच होतं. आणि शेडमध्ये पाठवली तर दुधाचा ताप असलेली ओली बाळंतीण खऱ्या रोग्यांच्या मधे झोपवावी लागणार, हेही खरं होतं. तिथे जाऊन ती जगली नसती.

आजी म्हणाली, "थानाची एक फांदी काखेपर्यंत जाते, बाईसाहेब. काही बायांची तिथे मोठी असते. दूध दाटलं की तीच फुगते. दूध निघालं तर गाठ मऊ होईल. रोगाची असेल तर होणार नाय."

गरम पाण्याचा फडका आणून शेकलं. आजीने पिळून पाहिलं. छाती दगडासारखी झालेली, थेंब आले आणि थांबले. मुलगी वेदनेने घामाघूम झाली. आता एकच उपाय राहिला होता, कुणातरी दणकट पोराला तिच्या अंगावर पाजायला लावायचं. डॉक्टरीणबाईने पडदा सारून रांगेकडे पाहिलं. लेकुरवाळ्या होत्या त्यांनी पदर घट्ट ओढून पोरं आणखी आत घेतली. त्यांचं काय चुकलं? मीही घेतलं असतं.

नेमकी त्या वेळी माझी आई, कलावती, रोजच्यासारखी आजीची भाकरी घेऊन आली. कडेवर मी. चांगली बाळसं धरलेली, चार दात आलेली आणि कायम भुकेली. माझ्या आईला माझ्या दातांचं जे कौतुक होतं त्यात रागच जास्त असायचा.

आजीने तिला पडद्याआड नेलं आणि सगळं सांगितलं. आई ऐकून घेत होती, पण मला दोन्ही हातांनी आवळत चालली होती.

"नाय," ती म्हणाली. "आत्याबाई, मी तुमचा शब्द कधी मोडला नाय. पण हे नाय. माझी एकुलती एक पोर."

"म्हणून तर तुला विचारते," आजी म्हणाली. "दुसरीची पोर मागायचा मला हक्क नाय. माझं बोट म्हणतंय ही दुधाची गाठ आहे. सकाळपासून मी शंभर बायांना 'जाऊ द्या' म्हणते, ते याच बोटाच्या भरवशावर. आज ते चुकलं तर माझ्या घरचं माणूस जायला पाहिजे. लोकांचं नाय."

डॉक्टरीणबाई मधे पडली. तिने आईला लपवाछपवी न करता सांगितलं, "गाठ उतरली तर ही घरी जाईल. नाही उतरली तर ही, तुझी मुलगी आणि तुम्ही दोघी, सगळ्यांना शेडमध्ये ठेवावं लागेल. मीसुद्धा तिथेच येईन. जबरदस्ती नाही."

बाहेर इंजिन वाफ सोडत होतं. श्रीपादराव पडद्यापलीकडून "काय झालं? काय झालं?" विचारत होते. मग आईने आजीच्या हाताकडे पाहिलं. हे तिने मला पुढे अनेकदा सांगितलं. तोंडाकडे नाही, हाताकडे पाहिलं.

"भागू आली तेव्हा सगळ्या म्हणत होत्या गोळा आहे," आई म्हणाली.

"म्हणत होत्या."

"तुमचं बोट म्हणालं पोर आहे."

"हो."

"आजही तसंच म्हणतंय? अगदी तसंच?"

"तसंच, कला."

आईने मला दिलं.

कमळाबाईने विचारलं नाही की पोर कुणाची, जात कुठली. तिने हात पुढे केले आणि मला ओढूनच घेतलं. ती सोवळ्यातल्या घरची, मी न्हाव्याची नात, आणि हे कळलं असतं तर दोन्हीकडच्या भावकीने डोक्यावर आभाळ घेतलं असतं. पण आईपुढे कसली भावकी! मी काय केलं असेल ते माझ्या स्वभावावरून सांगता येतं. आधी मोगऱ्याच्या वासाने नाक वाकडं केलं, मग चारही दातांनिशी तुटून पडले. ती कळवळली. आजी म्हणाली, "सोस, बाय. जरा सोस." आणि दूध सुटलं.

तिघी वाट बघत होत्या. आजी काखेवर बोटं ठेवून बसली होती, डोळे मिटून. डॉक्टरीणबाई खुर्चीच्या कडेला. माझी आई भिंत नसल्यामुळे पडद्याच्या बांबूला धरून उभी. मी आवाज करत गिळत होते, त्या आवाजाशिवाय आत काही ऐकू येत नव्हतं. कमळाबाई रडत होती. ते दुखण्याचं रडणं नव्हतं, असं आई सांगायची. तिचा हात माझ्या टाळूवरून फिरत होता, पुन्हा पुन्हा, जशी मी तिच्याच पोटची होते.

गाडी शिट्टी देऊन निघून गेली. मी ढेकर दिली. मला दुसऱ्या बाजूला घेतलं, तिथेही मी कसूर केली नाही.

आजीने डोळे उघडले आणि डॉक्टरीणबाईचा हात धरून काखेत नेला. लिंबाचं बोर झालं होतं, आणि तेही पिकलेलं, दाबलं की दबणारं. तरी डॉक्टरीणबाईने घाई केली नाही. संध्याकाळपर्यंत तिला पडद्याआडच बसवलं, ताप पुन्हा पुन्हा पाहिला. दिवेलागणीला कपाळ गार झालं. तेव्हा बाईसाहेबांनी मान हलवली आणि म्हणाल्या, "मालनबाई, तुम्हीच सांगा बाहेर."

आजी पडद्याबाहेर येऊन इतकी मोठ्याने ओरडली, की म्हणे दुसऱ्या फलाटावरचे हमाल उठून उभे राहिले. "गाठ नाय! जाऊ द्या!"

पण कमळाबाई उठेना. मी तिच्या मांडीवर झोपले होते. आईने हात पुढे केले तर तिची बोटं सुटत नव्हती. शेवटी ती म्हणाली, "ताई, हिचं नाव काय?" आईने सांगितलं. "भागीरथी," ती दोनदा पुटपुटली, आणि मला परत दिलं. श्रीपादरावांनी आजीला नमस्कार केला, खाली वाकून केला, आणि खालच्या आवाजात म्हणाले, "हे आमच्या घरी कळू देऊ नका."

पुढचे कितीतरी दिवस आई झोपेतसुद्धा माझ्या काखेत हात घालून बघायची. आजीशी ती बोलत नव्हती. आजीनेही तिला बोलतं करायचा प्रयत्न केला नाही, फक्त भाकरी स्वतः भाजून घ्यायला लागली. मला काही झालं नाही. उलट मी आणखी बाळसं धरलं. मग एके सकाळी आईने आपणहून नराणी घेतली आणि सासूची नखं काढून दिली, आणि तो विषय तिथेच मिटला.

मिटला म्हणायचा, पण पुरता नाही. कमळाबाई विसरली नाही. पुढे तिला दोन मुलगे झाले, तरी दर वर्षी गौरीच्या दिवसांत टिटवाळ्याहून माझ्यासाठी खण यायचा. माझ्या आईला तो खण बघवत नसे. शिवायची, मला घालायची, पण तोंड फुगवून. आजी म्हणायची, "अगं, पोरीला दोन आया मिळाल्या तर तुझं काय कमी झालं?" आई म्हणायची, "कमी नाय झालं. पण मी दिलं होतं, ते तिने अजून परत नाय केलं." यात तिचं म्हणणं मला आता पटतं. तेव्हा पटत नव्हतं.

माझं लग्न त्या काळच्या रीतीने लवकरच ठरलं. घरासमोर मांडव घातला. आजी तोवर थकली होती, दोन्ही डोळ्यांवर मोतीबिंदूचा पडदा आला होता, आणि ती त्याबद्दल म्हणायची, "शेवटी देवाने डोळ्यांनापण पिशवी घातली." तिला दाराशी घोंगडीवर बसवलं होतं. आतल्या खोलीत मला चुडा भरत होते आणि दाराशी एकदम कुजबुज वाढली.

कमळाबाई आली होती. टांग्यातून उतरून एकटी, हिरवं लुगडं नेसून, हातात ओटीचं ताट. न्हाव्याच्या लग्नात ब्राह्मणाची सवाष्ण, तीही आतल्या खोलीकडे निघालेली! आमच्याच भावकीतला एक म्हातारा आडवा झाला. "बाई, तुम्ही मांडवात बसा. आत मुलीच्या आया असतात. आपण कोण?"

"मी भागीरथीची आई," कमळाबाई म्हणाली. सगळ्या मांडवाला ऐकू गेलं. ज्या गोष्टीबद्दल नवऱ्याने 'कळू देऊ नका' म्हटलं होतं, ती तिने चारचौघांत सांगितली. म्हातारा हसायला लागला. बायका तोंडाला पदर लावून एकमेकींकडे बघायला लागल्या. माझी आई आतून दाराशी आली. ती काय म्हणते याची मला धास्ती वाटली, कारण तिचं तोंड मला ठाऊक होतं.

आईने पुढे होऊन कमळाबाईचा हात धरला आणि तिला घोंगडीपाशी, आजीसमोर, आणून बसवलं. "आत्याबाई," ती म्हणाली, "बघा हो कोण आहे. आत येऊ म्हणते."

आजीने हात वर केला. दिसत नव्हतं, तरी बोटं बरोबर पदराखाली सरली आणि डाव्या काखेत जाऊन थांबली. कमळाबाईने डोळे मिटले. आजीच्या सुरकुतलेल्या तोंडावर हळूहळू हसू आलं. मग ती जुन्या, फलाटावरच्या आवाजात ओरडली. म्हातारा बाजूला झाला, आणि माझ्या दोन्ही आया एकमेकींचा हात धरून उंबरा ओलांडून माझ्याकडे आल्या.

"गाठ नाय! जाऊ द्या बाईला आत!"